घड्याळाच्या खिळ्याला धरलं की प्रोग्राम बंद का पडायचा?



या ब्लॉगवर आपण नेहमी पाठ, कविता, गणितातल्या क्लृप्त्या यांबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वर्गासाठी कुणीतरी हौसेने संगणकाचा प्रोग्राम तयार करून देतं, आणि मुलं वापरायला लागली की तो अचानक बंद पडतो. खिडकी नाहीशी होते, कुठलाही निरोप येत नाही. इंग्रजीत याला क्रॅश म्हणतात. असं झालं की बहुतेक शाळांत तो प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्येच राहून जातो. आमच्याकडे तो राहिला नाही, कारण तो का बंद पडतो हे आम्ही शोधलं. कसं शोधलं, ते सविस्तर लिहिते आहे.

आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. डी.एड. झाल्यावर एम.एस.-सी.आय.टी. केलं, तेवढंच माझं संगणकाचं शिक्षण. पण भागाकारात मूल नेमकं कुठं अडलं हे शोधायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. इथं तीच सवय कामाला आली.

प्रोग्राम काय होता?

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तालुक्याच्या गावी संगणकाचा डिप्लोमा करतो. चौथीच्या मुलांना घड्याळ वाचायला जड जातं, विशेषतः सव्वा, साडे, पावणे. त्याला एकदा सहज म्हटलं, "अरे, काटे फिरवता येतील असं घड्याळ संगणकावर करता येईल का?" महिनाभरात तो करून घेऊन आला. माउसने काटा धरायचा, फिरवायचा, आणि खाली मराठीत वेळ उमटायची: सव्वातीन, साडेचार, पावणेसहा. उत्तर बरोबर आलं की "शाब्बास" असा आवाज. मुलं वेडी झाली नुसती!

प्रोग्राम पायथन भाषेत होता. खिडक्या, बटणं दाखवण्यासाठी त्याने क्यूट नावाचा संच वापरला होता. क्यूट मूळचा नॉर्वेतला, सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला. पायथनमधून तो वापरता यावा म्हणून मध्ये पायक्यूट नावाचा दुवा असतो. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये दोन भाषा एकमेकींशी बोलत असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिडकीतल्या प्रत्येक भागाला विजेट म्हणतात. बटण हे विजेट, अक्षरांची पट्टी हे विजेट, टाइप करायची चौकट हेही विजेट. हे सगळं तयार मिळतं आणि जगभर वापरलं जात असल्यामुळे त्यातल्या खोड्या बऱ्याच आधी निघून गेलेल्या असतात. पण काटे फिरणारं घड्याळ तयार मिळत नाही. ते स्वतः काढावं लागतं: वर्तुळ कुठं, आकडे कुठं, माउस कुठं टेकला तर काय करायचं, सगळं आपणच लिहायचं. असं घरचं विजेट पहिल्यांदा तपासलं जातं ते मुलांच्या हातात पडल्यावरच.

"तिला देऊ नका, ती बंद पाडते"

पहिल्याच आठवड्यात प्रोग्राम अधूनमधून बंद पडायला लागला. त्यातही एका मुलीच्या हातात तो हटकून बंद पडायचा. तीनदा असं झाल्यावर मुलं म्हणायला लागली, "बाई, तिला देऊ नका, ती बंद पाडते." मुलीने वाद घातला नाही. ती गुपचूप रांगेत शेवटी जाऊन उभी राहायला लागली, आणि तिची पाळी आली की म्हणायची, "मला नको, बाई. माझ्या हाताला नाही जमत."

माझ्या दृष्टीने खरी अडचण ही होती. घड्याळ काय, पुठ्ठ्याचंही शिकवता येतं. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीने "यंत्र माझ्या हाताने बिघडतं" असं एकदा मनात घेतलं, की ती पुढे संगणकाला हात लावायलाच बिचकते. तिकडे तो विद्यार्थीही खचला होता. फोनवर म्हणाला, "बाई, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय. मुलं कायतरी उलटंसुलटं दाबत असतील. राहू द्या, काढून टाका ते."

मी त्याला म्हटलं, काढून टाकायचं नंतर बघू. आधी आठ दिवस नोंद ठेवू.

नोंदवही

साधी शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले: किती वाजता, घड्याळात तेव्हा कोणती वेळ होती, शेवटी हाताने काय केलं, कुठला निरोप दिसला का. नावाचा रकाना ठेवला नाही, मुद्दामच. "कोणी" विचारलं की मुलं गप्प होतात, "काय केलं" विचारलं की भडाभडा सांगतात. बंद पडलं की वहीत लिहायचं आणि लिहिणाऱ्याला आणखी एक पाळी मिळणार, असा नियम केला. मग काय, मुलं बंद पडायची वाटच बघायला लागली!

दुसरं काम त्या विद्यार्थ्याने केलं. प्रोग्राम चिन्हावर डबल क्लिक करून उघडला, की पायथनचे निरोप दाखवणारी काळी खिडकी दिसतच नाही. म्हणजे प्रोग्राम मरताना काहीतरी बोलत असतो, पण ऐकायला कुणी नसतं. म्हणून आम्ही तो कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीतून सुरू करायला लागलो. आता बंद पडला तरी निरोप मागे राहायचा. आपल्या शाळेत असं काही होत असेल, तर पहिली पायरी हीच ठेवा.

हा निरोप वाचायची एक रीत आहे. तो लांबलचक असतो, पण सुरुवात खालून करायची. अगदी शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं. तिच्या वर कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीत बिघडलं ते असतं. बाकीच्या ओळी म्हणजे तिथपर्यंत पोचायचा रस्ता.

आठ दिवसांत सतरा नोंदी झाल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर तो आला आणि आम्ही वही घेऊन बसलो. सारखी लक्षणं एकत्र केली, तर चार गट पडले.

पहिला गट: खिळा

सतरापैकी सहा नोंदींत निरोपाची शेवटची ओळ एकच होती: शून्याने भागाकार. ओळ क्रमांकही एकच, घड्याळाच्या विजेटमधला. माउस टेकल्यावर काट्याचा कोन काढायचं गणित तिथं होतं. पण त्याच्या लॅपटॉपवर हे कधीच व्हायचं नाही. आम्ही दोघांनी पंधरा-वीस मिनिटं काटे फिरवून बघितले. काही झालं नाही.

सोमवारी मी त्या मुलीला एकटीलाच बोलावलं. म्हटलं, "तू नेहमी कसं फिरवतेस तसंच फिरव. बंद पडलं तर मला हवंच आहे." तिने माउस सरळ घड्याळाच्या मधोमध नेला, जिथं काटे जोडलेले असतात त्या ठिपक्यावर दाबला, आणि प्रोग्राम बंद.

"अगं, मधेच का धरलंस? काट्याचं टोक का नाही धरलं?"

"बाई, घरच्या घड्याळाला मागनं मधेच तर फिरवतो. काट्याला हात लावला की आजी ओरडते, काटा वाकंल म्हणून."

बरोबरच होतं तिचं! भिंतीवरच्या घड्याळाची चावी मागे मधोमधच असते, आणि काटे तिथूनच फिरवायचे असतात. बाकीची मुलं चित्र समजून काटा टोकाला ओढत होती. ती खरं घड्याळ समजून फिरवत होती.

आता गणित बघा. कोन काढण्यासाठी त्याने माउस केंद्रापासून किती लांब आहे ते अंतर काढलं होतं, आणि आडव्या अंतराला त्या अंतराने भागलं होतं. माउस बरोबर केंद्रावर आला की अंतर शून्य. शून्याने भागायचं म्हटलं की पायथन काम थांबवतो आणि चूक उठवतो. आपण चौथीत सांगतोच ना, पाच लाडू शून्य मुलांत वाटा म्हटलं तर त्याला अर्थच नाही. यंत्रही तेच म्हणत होतं.

एवढ्याशा कारणाने सगळी खिडकीच का जावी? त्याचं कारण त्या दोन भाषांत आहे. घड्याळाचं गणित पायथनमध्ये, पण ते करायला सांगणारा क्यूट सी प्लस प्लसमध्ये. पायथनमध्ये उठलेली चूक कुणी झेलली नाही, तर पलीकडे ती घेणारं कुणी नसतं. पायक्यूटच्या ५.५ या आवृत्तीपासून असा नियम आहे, की अशी न झेललेली चूक आली की प्रोग्राम तिथंच संपवायचा. त्याच्या आधीच्या आवृत्त्या निरोप छापून पुढे चालत राहायच्या.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. भागाकार काढून तिथं एटॅन-टू नावाचं तयार फल वापरलं. ते आडवं आणि उभं अंतर वेगवेगळं घेऊन कोन देतं, आणि दोन्ही शून्य असली तरी अडत नाही. शिवाय माउस केंद्राच्या अगदी जवळ असेल तर काटा हलवायचाच नाही, असं लिहिलं. इथं तपासायची एक पद्धत त्याने वापरली, तीही सांगते. बटणं, आवाज, प्रश्न सगळं बाजूला ठेवून एका रिकाम्या खिडकीत नुसतं घड्याळ ठेवलं. तरीही खिळ्यावर दाबल्यावर बंद पडलं, म्हणजे दोष घड्याळातच होता. बंद पडलं नसतं, तर आजूबाजूला शोधावं लागलं असतं.

दुसरा गट: पाऊण वाजता

चार नोंदींत दुसऱ्या रकान्यात एकच वेळ होती: १२ वाजून ४५ मिनिटं. निरोप होता, यादीत एवढा क्रमांक नाही. हे तर वही बघताक्षणी कळलं.

प्रोग्राममध्ये एक ते बारा अशा नावांची यादी होती. पावणे म्हणताना आपण पुढच्या तासाचं नाव घेतो. ३:४५ म्हणजे पावणेचार. तसं १२:४५ ला प्रोग्राम तेराव्या तासाचं नाव शोधायला जायचा, आणि यादी तर बारालाच संपलेली. इंग्रजी पद्धतीने नुसतं "बारा पंचेचाळीस" लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. हा क्रॅश आपल्या मराठी वेळेचा!

दुरुस्ती चौथीच्या गणिताची. तासाला १२ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. बारा भागिले बारा, बाकी शून्य. पायथनच्या यादीत मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून शून्याव्या जागी "एक". झालं पावणेएक. अकराची बाकी अकरा, तिथं "बारा". तेही बरोबर.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली, जी वहीत आलीच नव्हती. १:३० ला प्रोग्राम "साडेएक" आणि २:३० ला "साडेदोन" दाखवत होता. तिथं तो बंद पडत नव्हता, म्हणून कुणी नोंदलं नाही. काही मुलं तर "साडेदोन" म्हणायलाही लागली होती. मग दीड, अडीच आणि पाऊण वेगळे लिहून घेतले. मला तर वाटतं, एकवेळ बंद पडणारा प्रोग्राम परवडला. तो निदान लक्ष वेधून घेतो.

तिसरा गट: निरोपच नाही

पाच नोंदी विचित्र होत्या. वेळ वेगवेगळी, कृती वेगवेगळी, आणि काळ्या खिडकीत एक अक्षर नाही. कधी दोन मिनिटांत बंद, कधी अर्धा तास बिनघोर चालू. इथं एक खूण उपयोगी पडली. निरोप आला तर दोष बहुतेक पायथनच्या बाजूला असतो. निरोप न देता प्रोग्राम गेला, तर सी प्लस प्लसच्या बाजूला काहीतरी कोसळलेलं असण्याची शक्यता जास्त.

अशा वेळेसाठी पायथनमध्ये फॉल्टहँडलर नावाची सोय आहे. ती ३.३ आवृत्तीपासून आतच असते, नुसती चालू करायची. आमचे संगणक विंडोज ७ चे, त्यांच्यावर पायथन ३.८ पर्यंतच चालतो, पण या सोयीला तेवढा पुरला. ती चालू असली की प्रोग्राम कोसळतानाही शेवटच्या क्षणी तो कुठं होता ते छापलं जातं. एक लक्षात ठेवा, या निरोपात सगळ्यात ताजी ओळ वर असते, म्हणजे इथं वरून वाचायचं.

त्यात दिसलं की प्रोग्राममध्ये एकाच वेळी दोन कामं चालू होती. "शाब्बास" वाजत असताना काटे अडकू नयेत, म्हणून आवाजाचं काम त्याने वेगळ्या धाग्यावर दिलं होतं. धागा म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं दुसरं काम. इथपर्यंत ठीक होतं. पण आवाज संपला की तोच धागा परस्पर पट्टीवर "पुढचा प्रश्न" असं लिहीत होता. क्यूटचा नियम आहे की विजेटला फक्त मुख्य धाग्यानेच हात लावायचा. त्याच क्षणी मुख्य धागा तीच पट्टी रंगवत असला की दोघांची गाठ पडते. कधी पडते, कधी नाही, म्हणून ठरावीक वेळ सापडत नव्हती.

मी त्याला म्हटलं, "हे फळ्यासारखंच आहे की रे. मी फळ्यावर लिहीत असताना मागून येऊन कुणी खडू ओढायचा नाही. काही लिहायचं असेल तर चिठ्ठी द्यायची, मी लिहीन." तो हसला आणि म्हणाला, "बाई, चिठ्ठीची सोय आहे. तिला सिग्नल म्हणतात." आवाजाच्या धाग्याने आता फक्त सिग्नल द्यायचा. तो रांगेत लागतो, आणि मुख्य धागा सवडीने पट्टी बदलतो. त्यानंतर निरोप न देता बंद पडणं थांबलं.

चौथा गट: दाखला घेऊन गेलेला विद्यार्थी

उरलेल्या दोन नोंदींतला निरोप सगळ्यात मजेशीर: आतली वस्तू पुसली गेली आहे. "पुढचा" बटण दाबलं की जुनं घड्याळ पुसून नवं केलं जायचं. पण उत्तर बरोबर आल्यावर काटे चमकवण्यासाठी तीन सेकंदांनी वाजणारा एक गजर लावलेला होता. घाईच्या मुलाने तीन सेकंदांच्या आत "पुढचा" दाबलं, की गजर वाजायचा आणि जुन्या घड्याळाला चमकायला सांगायचा. ते घड्याळ जाग्यावर नसायचंच.

पायथनकडे त्या घड्याळाचं नाव अजून होतं, पण सी प्लस प्लसकडची वस्तू गेली होती. हजेरीपटावर नाव आहे, हाक मारली, आणि मूल तर कालच दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेलेलं, तसंच. उपाय सोपा केला. दर वेळी नवं घड्याळ करायचंच नाही, एकच ठेवून त्याची वेळ बदलायची. आणि "पुढचा" दाबलं की आधी गजर बंद करायचा.

आपल्यासाठी काही गोष्टी

शिक्षकांसाठी:

१) वर्गात प्रोग्राम बंद पडला तर आधी लिहून ठेवा. नुसतं "चालत नाही" सांगितलं तर करणाऱ्याला काहीच करता येत नाही. "१२:४५ ला बंद पडतं" हे सांगितलं की अर्धं काम झालं.

२) तेच पुन्हा करून बंद पाडून दाखवता येतंय का बघा. पुन्हा बंद पाडता आलं की शोधणं सोपं जातं.

३) एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा करून बघा. आम्ही सतराही करून बघितल्या.

४) हौसेने करून देणाऱ्या मुलाला "तुझं चालत नाही" म्हणून परत पाठवू नका. त्याच्या लॅपटॉपवर तो एकटाच वापरतो, आपल्याकडे तीस हात वापरतात. आपल्या मुलांनी त्याला दिलेली वही डिप्लोमाच्या वर्गात मिळणार नाही.

पालकांसाठी:

घरात मोबाइल किंवा संगणक अडकला की आपल्या तोंडातून पटकन निघतं, "काय केलंस?" तेच शब्द जरा वेगळ्या सुरात विचारून बघा: "काय काय केलंस, मला पण दाखव." मूल दाखवतं. नुसतं माउस दाबून बंद पडणारा प्रोग्राम तसाच लिहिलेला असतो. मुलाने तो बिघडवलेला नसतो. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, आपोआप कळेल असं धरू नका.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं, की सहा नोंदींचं कारण तिच्यामुळे सापडलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी वही स्वतःकडे घेतली. हल्ली कुठलाही नवीन प्रोग्राम आला की मुलं आधी तिला देतात आणि म्हणतात, "बघ गं, बंद पडतंय का." ती पहिल्यांदा मधोमध दाबून बघते. मग कोपरे. मग दोन बटणं एकदम. तिचा हा क्रम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

तुमच्या शाळेत असा कुणी माजी विद्यार्थी असेल तर त्याला जरूर बोलवा, आणि सोबत एक वही ठेवा.